फसलेल्या भूतघराच्या सिनेमाचं परीक्षण कसं लिहावं

भुताच्या घराचा सिनेमा पडला की त्यावर साधारण दोनच गोष्टी लिहून येतात. 'अजिबात भीती वाटली नाही', आणि सिनेमा कोकणात घडत असेल तर 'कोकणाची उगाच बदनामी'. दोन्ही वाक्यं खरी असतील, पण वाचकाच्या हाती त्यातून काही लागत नाही. कुणाला कशाची भीती वाटेल याचा नेम नसतो. रोज रात्री बॅटरी घेऊन काजूच्या बागेतून घर गाठणारा माणूस पडद्यावरच्या काळोखाला काय भीक घालणार? परीक्षणात शोधायचं ते हे, की त्या घरावरचा आपला विश्वास कितव्या मिनिटाला उडाला आणि कशामुळे. ते मिनिट सापडलं की लेखाचा कणा मिळाला.

पुढची पद्धत स्थानिक साप्ताहिकात, गावच्या मंडळाच्या दिवाळी अंकात किंवा स्वतःच्या चॅनेलवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांसाठी आहे. सिनेमा दोनदा बघणं, नोंदी आणि लेखन धरून सात-आठ तासांचं काम होतं. घाईत एकदाच बघायला मिळणार असेल तर घराचा नकाशा आणि दचक्यांची वही (दोन्हींबद्दल पुढे सांगितलं आहे) एवढंच करा.

प्रत आणि पडदा

आधी सिनेमाची लांबी टिपा. हे क्षुल्लक वाटतं, पण १९८० सालचा 'द शायनिंग' हा भयपट अमेरिकेत सुमारे १४४ मिनिटांचा होता आणि युरोपात ११९ मिनिटांचा. शिवाय त्याचा शेवटचा, इस्पितळातला प्रसंग प्रदर्शनानंतर कापून टाकला गेला. म्हणजे अगदी सुरुवातीला परीक्षण लिहिणाऱ्यांनी पाहिलेला शेवट आज कुणाला दिसत नाही. आपल्याकडे प्रौढांसाठीचा सिनेमा टीव्हीवर येतो तो कापून येतो. चित्रपट कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्रातही ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे आहेत. तेव्हा प्रमाणपत्र पडद्यावर आलं की वर्ग आणि लांबी वहीत उतरवून घ्या, आणि त्याच क्षणी घड्याळातली वेळही. पुढच्या सगळ्या नोंदी त्या वेळेपासून मोजायच्या.

चित्रपटगृहात फोन खिशातच ठेवा. पडद्याचं चित्रीकरण हा त्याच दुरुस्तीनुसार गुन्हा असून किमान ३ महिने कैद आणि ३ लाख रुपये दंड आहे. छोटी वही आणि पेन्सिल बरी. अंधारात एका पानावर तीन-चार मोठ्या ओळींपेक्षा जास्त लिहू नका, नाहीतर घरी आल्यावर स्वतःचंच अक्षर लागत नाही.

आता दोष सिनेमाचा की थिएटरचा, हे कसं ओळखायचं? पडद्याचा प्रमाणित उजेड १४ फूट-लँबर्ट, म्हणजे ४८ निट्स असतो. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की तो उतरतो आणि पहिला बळी काळोख्या प्रसंगांचा जातो. सिनेमा सुरू होण्याआधीच्या जाहिरातींत कुणाच्या काळ्या कोटाच्या चुण्या दिसतात का बघा. तिथेच नुसता काळा डाग दिसत असेल तर 'छायाचित्रण अंधारलेलं आहे' हे वाक्य लिहिण्याचा हक्क तुम्हाला नाही. आवाजाचंही तसंच. सिनेमाचं ध्वनिमिश्रण करताना थिएटरच्या ध्वनियंत्रणेवरच्या आवाजाचा आकडा ७ धरलेला असतो. प्रेक्षक कुरकुरतात म्हणून अनेक ठिकाणी तो ५ किंवा त्याखाली आणतात. भयपटाचा अर्धा कारभार आवाजावर चालतो. माळ्यावरची पावलं ऐकूच आली नाहीत तर प्रसंग पोकळ वाटणारच. ऑपरेटरला विचारलं तर तो आकडा सहसा सांगतो.

घरी टीव्हीवर बघताना 'व्हिव्हिड' मोड बंद करून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवा. तिच्यामुळे भूतसुद्धा मालिकेतल्या सासूसारखं चालतं. पावसाळ्यात नेटची रेंज गेली की चित्राचा दर्जा आपोआप उतरतो आणि काळोखात चौकोन-चौकोन दिसू लागतात. म्हणून सगळ्यात वरच्या दर्जात डाउनलोड करून मगच बघा.

घराचा नकाशा काढा

पहिल्या २५-३० मिनिटांत घराचा नकाशा वहीत उतरला पाहिजे. चौकोन काढा, दारं दाखवा, जिना कुठे, विहीर कुठे, कोण कुठे झोपतं. सुबक नको, पण 'स्वयंपाकघरात भांडं पडलं' हे ऐकल्यावर मुलगी आणि ते भांडं यांच्यामध्ये किती खोल्या आहेत, एवढं कळायला हवं.

बहुतेक फसलेले सिनेमे इथेच घसरतात. धोका कुठे आहे ते ठाऊक असेल तरच तो जवळ येतोय हे जाणवतं. दिग्दर्शकाने बाहेरून एक घर घेतलं, आतला भाग सेटवर केला आणि दोन्हींची सांगड घातली नाही, की बाहेरून तीन खिडक्या आणि आतून सात खोल्या असं होतं. प्रेक्षकाला ते शब्दांत सांगता येत नाही, पण त्याचं लक्ष सुटतं. तीस मिनिटांनंतरही नकाशा निघत नसेल तर तीच पहिली नोंद.

घर मुद्दाम दिशाभूल करणारं असेल तर गोष्ट वेगळी. मात्र तेव्हाही एकदा तरी सरळ मांडणी दाखवावी लागते. नेहमीची वाट ठाऊक नसेल तर वाट चुकली हे कसं कळणार?

दचक्यांची वही

वहीत चार रकाने पाडा: वेळ, काय झालं, आधी किती सेकंद शांतता होती, आणि आवाज प्रसंगातला की वरून चिकटवलेला. शेजारी खरा-खोटा अशी खूण करा. मांजर उडी मारतं, मित्र खांद्यावर हात ठेवतो, हे खोटे. एखाद-दुसरा खोटा दचका चालतो, उलट त्याने खऱ्याची वाट मोकळी होते. दहातले सहा-सात खोटे निघाले की प्रेक्षक हिशेब करायला लागतो. शांततेच्या रकान्यात प्रत्येक वेळी तीन-चार सेकंदच दिसत असतील, तर सगळे प्रसंग एकाच साच्यातून काढले आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतली पोरं मोठ्याने मोजायला लागतात, तो याचा पुरावाच.

दुसऱ्यांदा बघताना वहीतले सगळ्यात प्रभावी वाटलेले तीन प्रसंग आवाज बंद करून बघा. मग तेच तीन डोळे मिटून ऐका. आवाज काढल्यावर काहीच उरत नसेल तर तो प्रसंग म्हणजे कानाजवळ फोडलेला सुतळी बॉम्ब. दचकलो हे खरं, पण घाबरलो असं म्हणता येत नाही. 'दचकलो' आणि 'घाबरलो' हे शब्द लेखात एकमेकांच्या जागी वापरू नका. अर्धी परीक्षणं तिथेच पातळ होतात.

भुताचे नियम

कोकणात वाढलेल्या वाचकासाठी लिहिताना हा भाग नीट करावा लागतो, कारण इथे प्रत्येक भुताला पत्ता आणि सवय आहे. गिऱ्हा पाण्यात, मुंज्या पिंपळावर, चकवा वाटेवर. चकवा मारत नाही, फिरवत ठेवतो. देवचार आणि राखणदार यांना तर भूत म्हणणंच चूक. ते हद्द राखतात, त्यांना गाऱ्हाणं घालतात, नारळ ठेवतात. सिनेमात राखणदार माजघरात शिरून सुनेचा गळा दाबायला लागला तर लेखकाने नाव फक्त चवीपुरतं उचललं आहे. नवं भूत निर्माण करायला काहीच हरकत नाही. जुन्याचं नाव घेतलं तर त्याचं वागणंही घ्यायला हवं, नाहीतर नाव बदलावं.

नियम कोणत्या मिनिटाला कळले ते टिपा. उंबरठा ओलांडत नाही, दिवा असेतो येत नाही, अमुक वस्तूला बांधलेलं आहे, असं काहीही. मग शेवटच्या पाऊण तासात त्यातला कुठला मोडला ते बघा. दिवा असेतो न येणारं भूत शेवटी ट्यूबलाइटखाली नाचत असेल तर त्या मिनिटापुढचं सगळं फुकट. पहिले दीड तास आपण जी भीती जमा केली ती त्या नियमाच्या खात्यावर होती.

हे लोक घर सोडून जात का नाहीत?

प्रत्येक भूतघराच्या सिनेमाला या प्रश्नाचं उत्तर पहिल्या तासात द्यावं लागतं. परदेशी सिनेमात कर्ज असतं, बर्फ असतं, मूल हरवलेलं असतं. मराठी सिनेमे मात्र अनेकदा 'गाडी सुरू होत नाही' एवढ्यावर भागवतात. कोकणात याहून बळकट कारणं दारातच पडलेली आहेत. घर सामायिक असतं, सातबाऱ्यावर वीस नावं असतात, त्यातली काही वारलेली आणि काही मुंबईत. विकायचं म्हटलं तर सह्याच जमत नाहीत. गणपती मूळ घरातच बसवायचा असतो. वर्षभर बंद असलेलं घर चतुर्थीआधी उघडतं आणि तेव्हाच नेमके चौदा-पंधरा जण एका छपराखाली झोपतात. एवढं सगळं असूनही नायक गाडीची किल्ली फिरवत बसला तर परीक्षणात तसं लिहा.

घर कोकणातलं आहे का?

इथे शहरातला समीक्षक कमी पडतो आणि तुम्ही पडत नाही. म्हणून थोडं सावकाश.

पहिली खूण म्हणजे रचना. खळं, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी, वर माळा. दारांच्या चौकटी बुटक्या, वाकून जावं लागतं. सहा फुटी नायक सगळीकडे ताठ फिरत असेल तर तो सेट आहे. झुंबर, गोल जिना आणि लांबच लांब गॅलरी दिसली तर ती संस्थानिकाची वास्तू; मुरुडचा नवाबाचा राजवाडा रामसे बंधूंच्या भयपटांत दिसतो, तिथे ते शोभतं. खोताच्या घरात नाही. शब्दही ऐका: इथे 'गुरांचा वाडा' म्हणजे गोठा. पात्रं आपल्याच घराला उठसूट 'वाडा' म्हणत असतील तर संवाद घाटावर लिहिले गेलेत.

दुसरी खूण पाऊस. खऱ्या आषाढात जांभ्याच्या चिऱ्यावर शेवाळ धरलेलं असतं, गडग्यावर नेचे उगवलेले असतात. हिवाळ्यात टँकरने पाऊस पाडला की भिंतीचा वरचा भाग ओला आणि पायाकडचा चिरा कोरडा तांबडा दिसतो. कौलांवर धो धो पडत असताना ओटीवर समोरासमोर बसलेल्या माणसांनाही ओरडून बोलावं लागतं, तिथे कुजबुजीचे संवाद येतात कुठून? आणि करकरणारं दार! पावसाळ्यात लाकूड फुगतं, दार चौकटीत अडकतं, खांदा लावून उघडावं लागतं. करकर बहुधा मे महिन्याची. जुलैच्या प्रसंगात दार आपोआप उघडून करकरलं तर ध्वनिसंयोजकाने तयार आवाज चिकटवला असणार. खरं तर फुगलेलं, उघडता न येणारं दार करकरणाऱ्या दारापेक्षा कितीतरी भीतिदायक आहे, पण ते कुणी वापरत नाही.

तिसरी खूण रात्रीचे आवाज. कौलांवरून कांडेचोर, म्हणजे उदमांजर, धावतो, झावळ पडते, वाशात भुंगा पोखरतो, उन्हाने तापलेला पत्रा रात्री टकटक वाजतो. इथल्या माणसाला हे आवाज ओळखीचे असतात, म्हणून पात्राने आधी 'कांडेचोर असेल' म्हणायला हवं. त्याचा हा अंदाज चुकतो तेव्हा भीती सुरू होते. पहिल्याच आवाजाला किंचाळणारी आजी खोटी.

बोलीची नोंद थोडक्यात करा. मालवणी सिंधुदुर्गाकडची, संगमेश्वरी रत्नागिरीकडची, रायगडात आगरी. गुहागरला घडणाऱ्या गोष्टीत नोकर तेवढा मालवणी आणि मालक पुणेरी बोलत असेल तर त्यात भाषेइतकीच वर्गाचीही गफलत आहे.

बदनामीचा आणि अंधश्रद्धेचा मुद्दा घ्यायचा असेल तर प्रसंगावर बोट ठेवून घ्या. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत ठरावीक कृत्यं दिली आहेत. कथेत भूत दाखवणं हे त्यातलं नव्हे. आजारी बाईला दवाखान्यात न नेता भगताने बरं केलं आणि सिनेमाने ते शहाणपण म्हणून दाखवलं, तर तो मिनिटांक देऊन लिहा. नुसतं 'चुकीचा संदेश जातो' हे कुठल्याही सिनेमाला चिकटवता येतं.

आता इतरांचं वाचा

तुमची वही पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्यांची परीक्षणं उघडू नका. मग उघडलीत की आकडे नीट वाचा. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. किती समीक्षकांनी एकूण बरं म्हटलं त्याचं ते प्रमाण आहे, आणि ६० टक्क्यांपासून वर 'फ्रेश' धरतात. दहाच्या दहा जणांनी दहापैकी सहा दिले आणि सगळ्यांचा कौल अनुकूल धरला गेला तर तिथे १०० दिसेल. चौघांनी दहा आणि सहा जणांनी पाच दिले तर सरासरी सात असूनही ४० दिसू शकेल. मेटाक्रिटिक हे तसलंच संकेतस्थळ भारित सरासरी काढतं, म्हणजे काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन देतं. सिनेमास्कोअर तर समीक्षकांना विचारतच नाही. अमेरिकेत पहिल्या दिवशी बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून ए ते एफ अशी श्रेणी घेतं. भयपटांना तिथे एरवीही कमीच मिळते, पण जानेवारी २०२०मध्ये 'द ग्रज' आणि 'द टर्निंग' या दोघांना थेट एफ मिळाली. 'द टर्निंग' तर मूळ हेन्री जेम्सच्या १८९८च्या कथेवरचा. कथेतली संदिग्धता पानावर मुरते. पडद्यावर मात्र गोष्ट मध्येच तोडल्यासारखी संपली आणि लोक चिडून बाहेर पडले.

समीक्षकांनी झोडपलेला आणि धंद्यात पडलेला, हे दोन वेगळे सिनेमे असतात. त्यासाठी १९९९चा 'द हाँटिंग' अभ्यासायला उत्तम. दिग्दर्शक यान द बाँट, खर्च सुमारे ८ कोटी डॉलर. समीक्षकांनी धुऊन काढला, सर्वांत वाईट चित्रपटासह पाच रॅझी (वाईट सिनेमांची थट्टा करणारे पुरस्कार) नामांकनं मिळाली. तरी पहिल्या आठवड्याअखेरीस अमेरिकेत पहिला क्रमांक आणि जगभरात १७ कोटींच्या वर कमाई. याला 'आपटला' म्हणणं चूक.

टीकेचं कारण शोधायचं तर मागे जावं लागतं. शर्ली जॅक्सनची मूळ कादंबरी १९५९ची. तिच्यावरच्या रॉबर्ट वाइझच्या १९६३च्या कृष्णधवल सिनेमात भूत दिसतच नाही. भिंतीवर धडका बसतात, लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं, आणि घर झपाटलेलं आहे की नायिका एलिनॉरचं मन, हे शेवटपर्यंत सुटत नाही. १९९९च्या सिनेमाने संगणकाच्या जोरावर पुतळे, पलंग, कोरीव चेहरे, सगळं हलवलं आणि वर स्पष्टीकरण दिलं: गिरणीमालकाने मारलेली मुलं, नेलचं (म्हणजे त्याच एलिनॉरचं) त्या घराशी नातं. शंका संपली आणि तिच्याबरोबर भीतीही. त्यात त्याच जुलैत 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आला, अगदी किरकोळ खर्चात, काहीही न दाखवता; आणि ६ ऑगस्टला 'द सिक्स्थ सेन्स'. तुलना टळणार नव्हती.

पण एवढ्या टीकेतही अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टने त्याला चारपैकी तीन तारे दिले, मुख्यतः त्या अवाढव्य वास्तूच्या मांडणीसाठी. असं एकटं पडलेलं परीक्षण मुद्दाम शोधून वाचा. तुमच्या वहीत 'काय जमलं' याची नोंद नसेल तर बहुधा तिथूनच काहीतरी मिळतं. मात्र ते पुन्हा स्वतः तपासल्याशिवाय लिहू नका.

लेखन

७०० ते ८०० शब्द पुरतात. पहिल्या परिच्छेदातच ते मिनिट सांगा, घटना न फोडता: 'तासाभराने माळ्याचं दार उघडतं आणि तिथून पुढे घर हे फक्त सेट उरतं.' कथानक शंभर शब्दांत, तेही पहिल्या तिसऱ्या भागापर्यंतचंच. मग दोन प्रसंग घ्या, एक जमलेला आणि एक फसलेला, आणि त्यांवर निम्मा लेख खर्च करा. सहा प्रसंगांवर दोन-दोन ओळी लिहिल्या तर ती यादी होते. कलाकारांना शेवटी कौतुकाचे तुकडे वाटायची पद्धत सोडा. अभिनय त्या दोन प्रसंगांतच तपासा.

दोष कुणाचा हे लिहिताना जपून. संवाद वाईट हे दिसतं, पण ते लेखकाने लिहिले की डबिंगमध्ये बदलले हे दिसत नाही. संकलनातला खड्डा दिग्दर्शकाचा की निर्मात्याने ऐन वेळी काढलेल्या वीस मिनिटांचा, हेही नाही. 'इथे एक दुवा तुटला आहे' एवढं ठामपणे म्हणा. 'थरारक', 'अंगावर काटा', 'खिळवून ठेवणारा' हे शब्द लिहून झाल्यावर शोधून काढा आणि त्यांच्या जागी पडद्यावर काय होतं ते लिहा. तारे द्यायचेच असतील तर सगळ्यात शेवटी द्या. आधी दिले की लेख त्यांची वकिली करत बसतो.

छापून आल्यावर वही फेकू नका, सिनेमाबद्दलचं मत नंतर बदलू शकतं. 'द शायनिंग'ला पहिल्याच रॅझीत दिग्दर्शन आणि अभिनेत्री अशी दोन नामांकनं होती; शेली ड्यूव्हालचं नामांकन आयोजकांनी २०२२मध्ये मागे घेतलं. आपल्याकडचा 'तुंबाड', ज्याचं नाव खेड तालुक्यातल्या गावाचं आहे, २०१८मध्ये समीक्षकांना आवडला पण गल्ल्यावर बेताचाच राहिला. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. असा एखादा सिनेमा परत आला की जुनी वही बरोबर न्या. त्यासाठी पानाच्या डोक्यावर तारीख, चित्रपटगृह, प्रतीची लांबी आणि ध्वनियंत्रणेचा आकडा लिहिलेला असू द्या, आणि खाली दचक्यांच्या रकान्याशेजारी दुसऱ्या शाईसाठी एक रकाना मोकळा सोडा.